घरातील सीएनसी राउटर : जुळणी आणि परीक्षा

सुताराच्या हातातील पटाशी हात नेईल तिकडे जाते. लाकडात गाठ लागली की हाताला ती कळते; काही वावगे दिसले की डोळा हाताला थांबवितो. आज पुष्कळ घरांतून मेजावर मावेल एवढे एक यंत्र येऊन बसले आहे. त्याला डोळा नाही आणि स्पर्शही नाही. कटरच्या वाटेत लोखंडी शिकंजा आला काय किंवा माणसाचे बोट आले काय, दिलेल्या आकड्यांप्रमाणे ते पुढे सरकत राहते. संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या या यंत्रास सीएनसी राउटर असे म्हणतात. नावाच्या पाट्या, क्रूस, देव्हाऱ्याच्या जाळ्या, मुलांची खेळणी कोरून चार पैसे मिळवावेत या आशेने एखादा तरुण कारागीर साठविलेली रक्कम खर्चून ते विकत घेतो. ती रक्कम कारणी लागावयाची की वाया जावयाची, हे बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांतील जुळणीवर आणि परीक्षेवर ठरते.

या यंत्राचे कूळ फार जुने नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना पुढे आणली आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1952 साली असे यंत्र चालवून दाखविण्यात आले. त्या वेळी नियंत्रकाचे कपाट निर्वात नळ्यांनी भरलेले होते आणि आज्ञा भोके पाडलेल्या पट्टीवरून दिल्या जात. पुढे 2009 मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्स्रुड यांनी 'ग्रबल' नावाची आज्ञावली सर्वांस खुली केली. ती तळहातावर मावणाऱ्या आर्डुइनो पाटीवर चालते. मोठ्या कारखान्यांतील ही विद्या घरच्या मेजावर येण्यास हे एक मोठे कारण झाले.

घरगुती यंत्रांपैकी '3018' या नावाने विकला जाणारा नमुना उदाहरणादाखल घेऊ. त्यावर सुमारे 30 सेंटिमीटर लांब व 18 सेंटिमीटर रुंद एवढे काम होते. डावी-उजवी, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशा; प्रत्येकीस एक स्टेपर मोटर आणि आट्यांचा एक दांडा. सुटे भाग जोडताना सर्व स्क्रू एकदम आवळू नयेत. प्रथम ते सैल बसवावेत, गुण्या लावून कोपरे काटकोनात आणावेत आणि मगच क्रमाक्रमाने आवळावेत. वीज जोडण्यापूर्वी दांडे हाताने फिरवून पाहावेत. एखाद्या ठिकाणी दांडा जड जात असेल तर सांगाडा तेथे वाकडा बसला आहे असे समजावे. हा दोष आज्ञावलीने भरून निघत नाही. तो पान्यानेच काढावा लागतो.

वीज जोडल्यावर पहिली परीक्षा दिशेची. या नमुन्यात पुढे-मागे होण्याच्या दिशेत कटर हलत नाही, मेज हलते. म्हणून कटर पलीकडे नेण्याची आज्ञा दिली असता मेज अलीकडे, चालकाकडे सरकले पाहिजे. ते उलट सरकल्यास कोरलेली अक्षरे आरशातल्यासारखी उमटतात. याच वेळी तातडीने यंत्र बंद करण्याचे बटन दोनतीनदा दाबून पाहावे. ते बटन कटरपलीकडे हात न घालता मिळाले पाहिजे.

दुसरी परीक्षा अंतराची. स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. विद्युत्-नियंत्रक प्रत्येक पावलाचे 16 भाग करतो, म्हणजे एका फेऱ्यात 3200 पावले झाली. दांड्याच्या एका फेऱ्यात मेज 4 मिलिमीटर सरकत असेल तर प्रत्येक मिलिमीटरास 800 पावले पडतात. हा आकडा आज्ञावलीत असतो. आता यंत्रास 100 मिलिमीटर सरकण्याची आज्ञा द्यावी आणि प्रत्यक्ष अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. ते 99.5 मिलिमीटर भरले, तर 800 ला 100 ने गुणून 99.5 ने भागावे, 804.02 हा नवा आकडा आला. मात्र एका मापावर विसंबून हा आकडा बदलू नये. निदान तीन वेळा मोजावे आणि दर वेळी एकाच बाजूने येऊन थांबावे. आट्यांत थोडी ढिलाई असतेच. दिशा उलटली की दांडा क्षणभर रिकामा फिरतो आणि तेवढे अंतर गहाळ होते. बेळगावसारख्या यंत्रशाळांच्या गावी लेथवर काम केलेल्या माणसास ही गोष्ट सांगावी लागणार नाही.

तिसरी परीक्षा काटकोनाची. कटरऐवजी पेन बांधून कागदावर 240 मिलिमीटर लांब व 100 मिलिमीटर रुंद असा आयत यंत्राकडून काढून घ्यावा. पायथागोरसच्या सिद्धान्ताप्रमाणे त्याचा कर्ण बरोबर 260 मिलिमीटर आला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे असले पाहिजेत. कर्णांत 2 मिलिमीटरांचा फरक आढळला तर 100 मिलिमीटरांच्या बाजूत सुमारे 1 मिलिमीटर तिरकेपणा आहे असे निघते. अशा यंत्रावर केलेल्या पेटीचे झाकण कधीही नीट बसणार नाही. शाळेत शिकलेली भूमिती येथे रोकड उपयोगाची ठरते.

यानंतर कटर बसवावा. कॉलेट व कटरचा दांडा स्वच्छ पुसून, कटर पुरेसा आत घेऊन नट घट्ट करावा. मेजावर एमडीएफची एक टाकाऊ फळी पक्की बसवावी म्हणजे कटर आरपार गेला तरी मेजास इजा पोहोचत नाही. कामाचे लाकूड त्या फळीवर शिकंजांनी आवळावे. हाताने कधीही धरू नये. उंचीचे शून्य ठरविताना कटर व लाकूड यांच्यामध्ये साधा कागद ठेवून, कागद किंचित अडू लागेपर्यंत कटर खाली आणण्याची पद्धत सोपी आहे. या वेळी स्पिंडल बंद असावे.

पहिले काम हवेत करावे. म्हणजे कटर लाकडाच्या वर काही मिलिमीटर ठेवून सबंध आज्ञावली चालू द्यावी. शिकंजावर आदळण्याचा संभव असल्यास तो येथेच दिसतो. नंतर मऊ लाकडाच्या तुकड्यावर अर्धा मिलिमीटर खोलीचा छेद घ्यावा. मिनिटास 10000 फेरे घेणारा, दोन धारांचा कटर मिनिटास 600 मिलिमीटर पुढे नेला, तर प्रत्येक धार 0.03 मिलिमीटर लाकूड काढते. गती फार कमी ठेवली तर धार कापण्याऐवजी घासू लागते. लाकूड काळे पडते, जळका वास येतो आणि भुशास आग लागण्याचाही संभव असतो. सावकाश म्हणजे सुरक्षित, हा नेहमीचा न्याय येथे पुरता लागू पडत नाही. छेद उथळ ठेवावा, पण कटर रेंगाळू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरच्या माणसांची. कटर मोडला तर त्याचा तुकडा उडतो. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरत्या कटरात ते गुंतले तर हात ओढला जातो. पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस यांनाही तोच धोका. लाकडाचा बारीक भुसा माणसास कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली नमूद केले आहे. तेव्हा भुसा ओढून घेणारे यंत्र आणि धूळ अडविणारा मुखवटा यांचा खर्च राउटरच्या किमतीतच धरावा. निजण्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात हे यंत्र मांडू नये, आणि चालू असता ते सोडून बाहेर जाऊ नये. मध्येच वीज गेल्यास स्पिंडलचे बटन आधी बंद करावे. वीज परत आल्यावर आपण कोठे होतो हे यंत्रास ठाऊक नसते. शून्यस्थान पुन्हा ठरविल्यावाचून काम पुढे चालवू नये.

प्रत्येक परीक्षेचे माप तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. महिन्याभराने तीच मापे पुन्हा घेतली म्हणजे कोणता स्क्रू सैल झाला, कोणता दांडा झिजू लागला, याचा माग लागतो. गिऱ्हाइकाचे सागवान मेजावर चढविण्याची घाई करू नये. टाकाऊ फळीवरचा आयत चारही कोपऱ्यांत जुळला, की ते खुशाल चढवावे.