इंजिन किती ताकदीचं? आधी घड्याळ सांगा

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचंय, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी ही पोस्ट. नांदेड-लातूरकडे संगणकशास्त्रात संशोधन करायचं असेल तर बुद्धिबळाचं इंजिन हा मोह पाडणारा विषय आहे. महागडी प्रयोगशाळा लागत नाही. स्टॉकफिश फुकट मिळतं, लिचेसवर बॉट खातं उघडता येतं. रात्रभर डाव खेळवले की सकाळी आकडे तयार! पण ते आकडे नेमकं काय सांगतात, हे घड्याळावर ठरतं.

इंजिन थराथराने विचार करतं. एक चाल पुढचं बघतं, मग दोन, मग तीन. मध्येच थांबवलं तरी मागच्या थराचं उत्तर हातात असतं. वेळ दुप्पट दिला म्हणून खोली दुप्पट होत नाही, कारण प्रत्येक खालच्या थरात शक्यता कित्येक पटींनी वाढतात. शिवाय जास्तीच्या वेळेचा फायदा झटपट डावांत मोठा दिसतो, लांब डावांत कमी. तिथे तगडी इंजिनं बरोबरीच करत बसतात. म्हणून स्टॉकफिशवाले नवा बदल साधारणपणे आधी 10 सेकंद अधिक दर चालीला 0.1 सेकंद अशा घड्याळावर तपासतात, आणि तिथे टिकला तरच 60 अधिक 0.6 वर.

दुसरी गोष्ट लातूर पॅटर्नमध्ये शिकलेल्यांना लगेच कळेल. नीटला 180 प्रश्न, 180 मिनिटं. सोपा प्रश्न वीस सेकंदांत उडवायचा आणि वाचलेला वेळ अवघड गणिताला द्यायचा, हे तिथे घोटून घेतलेलं असतं. समजा, दर मिनिटाला घंटा वाजून पुढच्या प्रश्नावर जायची सक्ती झाली, तर? डिसेंबर 2017 मध्ये स्टॉकफिशचं तसंच झालं. अल्फाझीरोविरुद्धच्या 100 डावांत दर चालीला ठरावीक एक मिनिट होतं. अल्फाझीरोने 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार एकही नाही. वेळ कुठे खर्चायचा हे ठरवण्याचं स्टॉकफिशचं कसब वापरातच आलं नाही, असा आक्षेप त्याचे एक निर्माते तोर्ड रोमस्टाड यांनी घेतला. 2018 च्या शोधनिबंधात तीन तास अधिक दर चालीला 15 सेकंद असे 1000 डाव झाले: 155 विजय, 6 पराभव, बाकी बरोबरी. मात्र यावेळी स्टॉकफिशला मेमरीही बरीच जास्त दिली होती. म्हणजे फरक घड्याळामुळेच पडला, असं तुम्हाला छातीठोकपणे लिहिता येणार नाही. व्हायव्हात हाच प्रश्न येतो बरं!

आता ऑनलाइनचं बघू. समजा, तुमच्या होस्टेलच्या नेटवर दर चालीला 0.15 सेकंद वाया जातात. 60 चालींत झाले 9 सेकंद. एका मिनिटाच्या डावात हा 15 टक्के वेळ. 15 मिनिटं अधिक 10 सेकंदांच्या डावात एक टक्कासुद्धा नाही. लिचेस असल्या उशिराची भरपाई देतं, पण मर्यादेतच. स्टॉकफिशमध्ये ‘मूव्ह ओव्हरहेड’ नावाची सोय आहे, मूळ किंमत फक्त 10 मिलिसेकंद. मोबाइल हॉटस्पॉटवर ती तशीच ठेवली, तर जिंकत आलेला डाव वेळ संपून जाऊ शकतो.

तेव्हा नोंदवहीत घड्याळ, प्रोसेसर, मेमरी आणि ओव्हरहेड यांच्याबरोबर आणखी एक रकाना आखा: डाव मात होऊन हरला की वेळ संपून? दोन इंजिनांची तुलनाच करायची असेल, तर दोन्ही एकाच मशीनवर, नेट बंद करून खेळवा. ऑनलाइन डाव वेगळ्या तक्त्यात.