उन्हाळ्याची झळ आणि ज्येष्ठांचा हक्क

इस्लापूर परिसरातील वृद्ध वैशाखात दवाखान्यात येतात, तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : 'अंगात त्राण नाही, डॉक्टर.' तपासावे तर रक्तदाब उतरलेला, जीभ कोरडी, लघवी कमी. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यात लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने घटतात. (गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, उन्हाळ्याआधी मात्रा तपासून घ्यावी.) वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, तर वयाचा परिणाम समजून स्वस्थ बसू नये. अंग ओल्या कापडाने पुसत, वारा घालत तातडीने रुग्णालय गाठावे.

हे झाले वैद्यक. परंतु पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्या आजींना 'दुपारी गारव्यात बसा' असे सांगताना माझीच जीभ अडखळते. गारवा आणायचा कोठून? वीज गेली की पंखाही थांबतो. सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकी नागरिकाच्या वाट्याला सुमारे १४ टन. या आजींचा वाटा त्या दोन टनांपेक्षाही कितीतरी कमी. तरी तापलेल्या पृथ्वीची झळ प्रथम त्यांनाच. याला केवळ निसर्गाचा कोप म्हणणे मला पटत नाही. हा अन्याय आहे.

आणि अन्यायाविरुद्ध दाद मागता येते. स्वित्झर्लंडमधील वृद्ध स्त्रियांच्या संघटनेने आपल्याच सरकारविरुद्ध दावा लावला आणि ९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तो जिंकला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मधून मान्य केला.

दाद मागायला दिल्लीच गाठावी लागते असे नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला : आगाऊ इशारा, पाणी, सज्ज रुग्णालये. आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील शासकीय सोहळ्यात उन्हाने १४ जीव गेले, हेही विसरता येत नाही.

१ मे रोजी ग्रामसभा असते. घरच्या कर्त्या मंडळींनी तेथे मागावे : एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, लाटेच्या दिवसांत त्यांच्याकडे रोज एक फेरी, दुपारी उघडे व पाणी असलेले समाजमंदिर, गरिबांच्या पत्र्यांवर चुन्याचा हात. आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी बँकेच्या दारात उभ्या राहणाऱ्या रांगेवर मांडव.