मेसेज स्पॅम आहे, हे मशीनला कसं कळतं?

"तुमचं वीजबिल थकलंय. आज रात्री कनेक्शन कापलं जाईल, लगेच या नंबरवर फोन करा." असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. मशीन असे मेसेज ओळखतं, पण त्याला त्यांचा अर्थ कळत नाही. ते फक्त मोजतं!

आधी माणसांनी वेगळे केलेले खरे आणि स्पॅम मेसेज त्याला दिले जातात. समजा, 'लगेच' हा शब्द १०० पैकी ४० स्पॅम मेसेजमध्ये सापडला आणि १०० पैकी फक्त ५ खऱ्या मेसेजमध्ये. म्हणजे 'लगेच' दिसला की संशय आठपट. त्याच मेसेजमध्ये 'आई' आहे आणि हा शब्द खऱ्या मेसेजमध्ये दहापट जास्त येतो, तर दहाने भागायचं. उरले ०.८. एकाहून कमी, म्हणून मेसेज खरा. वीस मेसेज घेऊन हे वहीतही करून बघता येतं.

ही पद्धत म्हणजे 'नाईव्ह बेझ'. थॉमस बेझ यांचा शक्यतांवरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला, नाव त्यांचंच. 'नाईव्ह' म्हणजे भोळी, कारण ती प्रत्येक शब्द सुटा धरते. त्यामुळे "आई आजारी आहे, लगेच पैसे पाठव" हा ठगाचा मेसेजही तिच्या हातून निसटतो! म्हणून आजचे फिल्टर पाठवणारा कोण, लिंक कुठली, हेही तपासतात.

उलटंही होतं. मुलाखतीच्या ईमेलमध्ये "लगेच कळवा" असतं आणि तो स्पॅममध्ये जाऊन पडतो. तिथे सापडला तर 'नॉट स्पॅम' दाबा, फिल्टरला एक नवं उदाहरण मिळेल.