धानाच्या गावातली मालमत्ता : सातबारा, घर आणि आपला वाटा



'माझे गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला की हिरवीगार शेतं, गावचं देऊळ आणि पारावरच्या गप्पा एवढं बहुतेक वह्यांत येतंच. पण घरात रोज ज्यावर बोलणं होतं, ते मात्र निबंधात येत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे? घराचा कागद कुठे आहे? आणि एवढ्या जमिनीवर पुढची पिढी जगेल का? आजचा पाठ याच प्रश्नांवर आहे. उदाहरण आपल्याच भंडारा जिल्ह्यातलं, साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातलं एखादं शे-दोनशे उंबऱ्यांचं गाव डोळ्यांसमोर ठेवा.

आधी गाव कसं बसलंय ते पाहू. मधोमध आबादी, म्हणजे गावठाण. वरच्या अंगाला तलाव, तलावाच्या खाली धानाच्या बांध्या, आणि कडेला झुडपी जंगल. हा तलाव बहुतेक वेळा 'मामा तलाव' असतो. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी'चं ते छोटं रूप! पूर्वी गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक मानला जाई. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रांतात, नंतर मध्य प्रदेशात होता. 1950 च्या कायद्याने 1951 मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात.

हा इतिहास परीक्षेपुरता नाही. त्याची एक खूण अजून आपल्या कागदांत आहे. तिला 'निस्तार' म्हणतात. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, माती कुठून घ्यायची, सरणाची जागा कोणती, हे गावाचे सामाईक हक्क 'निस्तार पत्रक' नावाच्या कागदात लिहिलेले असतात. खाजगी जमिनीतून जाणारी वहिवाट, पाणी, मासेमारी यांच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' मध्ये असतात. पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला हे शब्द माहीत नसतात, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये हे प्रकरण खास विदर्भासाठी आहे. म्हणजे ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याचीही गावात थोडी मालमत्ता असते. ती सातबाऱ्यावर दिसत नाही एवढंच.

आता सातबारा. गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 एकत्र, म्हणून सात-बारा. सातमध्ये मालक कोण ते, बारामध्ये पीक कोणतं ते. एका माणसाच्या सगळ्या गटांची बेरीज पाहायची तर 8-अ, आणि नाव कसं बदलत आलं ते पाहायचं तर फेरफार. वाचताना सगळे आधी नाव शोधतात. मी म्हणेन, आधी दोन गोष्टी बघा. पहिली, भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2? वर्ग 1 ची जमीन मालक सहसा स्वतःच्या मर्जीने विकू शकतो. वर्ग 2 ला सरकारची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही, त्यासाठी वेगळी कडक परवानगी लागते. दुसरी, 'इतर अधिकार' हा रकाना. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा हे सगळं तिथेच लपून बसलेलं असतं.

थोडं गणित करू. समजा आजोबांची 6 एकर वडिलोपार्जित जमीन. त्यांच्यामागे तीन मुलं : बाबा, काका आणि आत्या. प्रत्येकाला 2 एकर. एकरी 15 क्विंटल धान धरलं तर 2 एकरांत 30 क्विंटल. 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे 71,070 रुपये. यातून नांगरणी, खत, औषध, रोवणीची आणि कापणीची मजुरी काढा. निम्मे उरले तरी वर्षाचे पस्तीस हजार, महिन्याचे तीन हजारही नाहीत. म्हणूनच रोवणी आटोपली की पोरं नागपूरला जातात. उन्हाळी धानाला पाणी असेल, धुऱ्यावर तूर आणि बांधीत लाखोळी असेल, तर थोडा आधार होतो. गोसेखुर्दच्या कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे गणित बदलतं. त्याच धरणात ज्यांचं शिवार बुडालं, त्यांचं तर पूर्णच बदललं.

गणित पुढे न्या. बाबांच्या 2 एकरांचे दोन वाटे झाले की एकेक एकर, म्हणजे 40 आर. त्याच्या पुढच्या पिढीत 20 आर. आणि इथे तुकडेबंदी कायदा आडवा येतो. 1947 चा हा कायदा आहे. 2023 मध्ये ठरवलेली किमान मर्यादा जिरायतीला 20 आर आणि बागायतीला 10 आर. त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही, मग नावं सामाईकच राहतात. कागदावर सात नावं आणि बांधीत एकच माणूस, असे सातबारे आपल्याकडे भरपूर आहेत. शासकीय खरेदी केंद्रावर धान द्यायला सातबारा आणि पिकाची नोंद लागते. त्यामुळे कसणारा एक आणि नाव दुसऱ्याचं असलं की दर हंगामात संमतीसाठी कोणाच्या तरी दारी जावं लागतं. बटईवाल्याचं तर विचारूच नका.

वरच्या गणितात आत्याचं नाव वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. लग्न झालं म्हणून हा हक्क संपत नाही. प्रत्यक्षात काय होतं? साडीचोळी, जेवण, आणि 'सही करून दे ना बाई'. यालाच हक्कसोडपत्र म्हणतात. आत्याने समजून-उमजून, स्वखुशीने दिलं तर तो तिचा निर्णय. पण कशावर सही करतोय हे न सांगता घेतलेली सही ही मला तरी सरळ फसवणूक वाटते. गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणारे हात बायांचे, आणि कागदावर नाव फक्त भावांचं, हे काही बरोबर नाही.

घराचं प्रकरण वेगळं आहे. ग्रामपंचायतीचा 'नमुना 8' घरात असला की घर आपलं झालं असं लोक धरून चालतात. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे! गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद मिळावा म्हणून 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते.

गंमत म्हणजे तिकडे दूर इंडोनेशियात, जावा बेटावरच्या धानाच्या गावांतही हाच घोळ. तिथले शेतकरी 'गिरिक' नावाचा जुना कराचा कागद पिढ्यानपिढ्या मालकीचा म्हणून जपत आले. खऱ्या पूर्ण मालकीला 1960 च्या त्यांच्या कायद्यात 'हाक मिलिक' म्हणतात. आपला 'हक्क' आणि 'मालक' कानात वाजतात की नाही? शब्द मूळ अरबी, दोन्हीकडे पोचलेले.

घर झुडपी जंगलाच्या जागेवर असेल तर जास्त सावध राहा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी म्हणजे वनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी दिलेल्या जागांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. तेव्हा जागा कधी आणि कोणी दिली, तो कागद शोधून ठेवा.

शेवटी वारसनोंद. घरातला खातेदार वारला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची. सगळ्या म्हणजे बहिणींचीसुद्धा. मग नोटीस निघते, कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि नावं चढतात. घरी आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर तसंच असेल, तर या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा, मंडई बघायला निघण्याआधी, हा विषय काढा.