पहाटेचा पादचारी आणि चालकाची दृष्टी

पहाटे अंधार असतानाच फिरावयास, धावावयास किंवा सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांस ‘उजळ कपडे घाला’ असा उपदेश बहुधा प्रथम केला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. आणि तो का अपुरा आहे हे पाहू लागल्यास दृष्टिसंवेदनाच्या अभ्यासातील एका प्रसिद्ध प्रयोगापर्यंत जावे लागते.

आधी अंतराचा हिशेब करू. ताशी ५४ किलोमीटर वेगाने येणारी मोटार सेकंदास १५ मीटर जाते. समोरचे दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात साडेबावीस मीटर संपतात. त्यानंतर वेग दर सेकंदास ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटत गेल्यास थांबण्यास आणखी तेवढेच अंतर लागते. एकंदर ४५ मीटर. ओल्या रस्त्यावर ही घट निम्मी झाली, तर ६७ मीटरही पुरत नाहीत. गडद कपड्यांतील मनुष्य मोटारीच्या खाली झुकविलेल्या दिव्यांत पुष्कळदा याहून जवळ येईपर्यंत ओळखूच येत नाही.

येथे एक विलक्षण विषमता आहे. पादचाऱ्यास मोटारीचे दिवे फार दूरून दिसतात. म्हणून आपणही चालकास दिसत असलो पाहिजे, असे तो गृहीत धरतो. पादचारी स्वतःच्या दृश्यमानतेचा अंदाज प्रत्यक्षाहून बराच अधिक करतात, हे ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्येच दाखविले होते.

मग कपड्यांचे काय? पांढरे कापड प्रकाश सर्व दिशांस विखुरते. त्यातील अल्पांशच चालकाच्या डोळ्यांकडे परततो. भडक पिवळे किंवा नारिंगी प्रस्फुरक कापड सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवर व निळ्या प्रकाशावर खुलते. दिवसा ते उत्तम, पण रात्री त्याचा विशेष गुण बहुतेक लोपतो. बाजारात ‘रेडियम’ या नावाने मिळणारी फीत मात्र निराळी. (तिच्यात रेडियम नसते आणि ती स्वतः प्रकाशतही नाही.) तिच्यातील सूक्ष्म काचमणी किंवा लोलक आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवितात. चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळच असल्यामुळे ती त्यास लखलखीत दिसते.

तथापि दिसणे आणि ओळखू येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. छातीवर चमकणारा पट्टा दुरून मैलाचा दगड वाटेल, पाटी वाटेल. उप्साला विद्यापीठातील गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या प्रमुख सांध्यांवर केवळ प्रकाशबिंदू ठेवले होते. बाकी सर्व काळोख. मनुष्य स्थिर असता प्रेक्षकांस ते निरर्थक ठिपके वाटले. तो चालू लागताच क्षणार्धात चालणारा माणूस दिसला. सजीवांची गती ओळखण्याची ही शक्ती मार्गसुरक्षेच्याही उपयोगी पडते. ब्रिस्बेन येथील जोआन वुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त रस्त्यावर रात्री घेतलेल्या चाचण्यांत गुडघे व घोटे यांवरील परावर्तक फितींमुळे सायकलस्वार चालकांस अधिक चांगला ओळखू आला. कारण उघड आहे: धड जवळजवळ स्थिर राहते, पाय वरखाली होतात. माझ्या मते एकच फीत परवडत असेल, तर ती दोन तुकडे करून घोट्यांस बांधावी.

रस्त्याची बाजू हाही असाच गोंधळाचा विषय आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. पदपथ नसेल तेथे पादचाऱ्याने उजव्या कडेने, वाहनांस सामोरे चालावे, कारण धोका दिसताच तो एका पावलात रस्त्याखाली उतरू शकतो. सायकलस्वारास तसे करता येत नाही. ताशी १८ किलोमीटरने जाणारा स्वार वरील मोटारीस सामोरा गेला, तर दोघे ताशी ७२ किलोमीटरने जवळ येतात. तिच्याच दिशेने गेला, तर ३६ ने. शिवाय वळणावरील चालक उलट बाजूने येणाऱ्याची अपेक्षाच करीत नाही. म्हणून त्याची जागा डावीकडेच.

हा सारा भार पायी जाणाऱ्यावरच टाकणे न्याय्य आहे असे मात्र नव्हे. अखंड पदपथ आणि वाहनांचा मर्यादित वेग यांस फीत हा पर्याय नाही. तिची आणखी एक मर्यादा योहान्सन यांच्या प्रयोगातच दिसते. रस्ता ओलांडण्यासाठी कडेला थांबलेल्या माणसाचे पाय हलत नाहीत आणि चालकाच्या लेखी तो पुन्हा दोन ठिपके होतो. तेथे वाहन प्रत्यक्ष थांबलेले पाहिल्याखेरीज त्याने पाऊल टाकू नये.