टाइपरायटरचं कॅरेज पुढे सरकतं कसं? जुनी मशिनं विकत घेण्याआधी एवढं समजून घ्या



सातारा आणि सांगलीकडच्या बॅचमध्ये हल्ली एक प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, आमच्याकडचा टायपिंग क्लास बंद झालाय, दहा-बारा मशिनं पडून आहेत. मालक किलोच्या भावानं द्यायला तयार आहे. दुरुस्त करून विकली तर धंदा होईल का?"

व्हिडिओत मी म्हटलं होतं, होईल, पण मशीन बघायला शिका. ते "बघायला शिका" म्हणजे नक्की काय, हे आज सविस्तर लिहितो. कारण यात तुमचा खिशातला पैसा अडकणार आहे. वरून चकचकीत दिसणारं मशीन आतून कायमचं गेलेलं असू शकतं, आणि कोळिष्टकं लागलेलं, 'मेलं' म्हणून बाजूला टाकलेलं मशीन केवळ एका दोरीसाठी अडलेलं असू शकतं. दोन्हींचा वजनकाट्यावर भाव एकच. फरक कळतो तो कॅरेजवरून. कॅरेज म्हणजे कागद धरणारा रोलर ज्यावर बसवलेला असतो तो वरचा सरकता भाग.

आधी ही मशिनं येतात कुठून ते पाहू. आपल्याकडे एकेकाळी तालुक्याच्या गावीही टायपिंग इन्स्टिट्यूट असायची. तीस, चाळीसची सरकारी परीक्षा पास झालं की नोकरीच्या अर्जाला वजन यायचं. ती परीक्षा संगणकावर गेली आणि यांत्रिक मशिनं कोपऱ्यात गेली. सहकारी बँका, साखर कारखान्यांची ऑफिसं, शाळा, कचेऱ्या इथेही हीच गत. त्यात गोदरेज आणि रेमिंग्टन ही दोन नावं तुम्हाला सगळ्यात जास्त दिसतील. गोदरेजनं देशी टाइपरायटर 1955 मध्ये आणला, मुंबईत विक्रोळीला. पुढे हे काम आपल्याच सातारा जिल्ह्यात आलं, खंडाळा तालुक्यातल्या शिरवळला, आणि 2009 मध्ये उत्पादन थांबलं. त्याच शिरवळला आज गोदरेजचे फ्रिज बनतात. हायवेनं पुण्याला जाताना नीरा नदीच्या अलीकडे ते गाव लागतं, तेव्हा आठवण ठेवा.

आता मुख्य गोष्ट. बटण दाबलं की कॅरेज एक घर पुढे जातं. साधी वाटणारी ही क्रिया. बहुतेकांना वाटतं, बटणाच्या दाबानंच कॅरेज ढकललं जातं. तसं अजिबात नाही.

मशीनच्या मागच्या बाजूला एक गोल डबीसारखा ड्रम असतो. त्यात गुंडाळलेली सपाट स्प्रिंग असते, घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी. ड्रमला एक दोरी किंवा पट्टी बांधलेली, आणि तिचं दुसरं टोक कॅरेजला. म्हणजे स्प्रिंग कॅरेजला सतत डावीकडे ओढत असते. मशीन टेबलावर नुसतं पडून असलं तरी ओढतच असते. मग कॅरेज धाडकन डावीकडे का पळत नाही? कारण त्याला एक खटका अडवून धरतो.

कॅरेजखाली एक लांब दातेरी पट्टी असते. ती एका छोट्या दातेरी चाकात अडकते, आणि त्याच दांड्यावर आणखी एक टोकदार दात्यांचं चक्र असतं. या चक्रासमोर दोन खटके बसवलेले असतात. इंग्रजीत यांना 'डॉग' म्हणतात आणि आपल्याकडचे मेकॅनिकही तोच शब्द वापरतात. एक डॉग पक्का, दुसरा थोडा सैल. दोघं मिळून झोक्यासारखे पुढे-मागे हलतात. बटण दाबलं की अक्षराचा दांडा कागदाकडे झेपावतो आणि जाता जाता एका आडव्या पट्टीला धक्का देतो. त्या धक्क्यानं डॉगची जोडी हलते. सैल डॉग दात्यातून निघतो, पण त्याच क्षणी पक्का डॉग आत शिरतो आणि चक्राला धरून ठेवतो. अक्षर उमटतं. तुम्ही बोट उचललं की जोडी परत मूळ जागी येते, पक्का डॉग बाहेर पडतो आणि सैल डॉग पुढचा दाता पकडतो. या अदलाबदलीत चक्र बरोबर एक दाता फिरतं आणि कॅरेज एक घर सरकतं.

म्हणजे बघा, कॅरेजची मुख्य चाल बटण दाबताना नाही, सोडताना होते. आणि ते तसंच हवं, नाहीतर अक्षर कागदावर फरफटलं असतं. शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. सुई कापडात असताना खालचे दाते कापड सरकवत नाहीत, सुई वर आली की मगच सरकवतात. योगायोग असा की 1874 मध्ये आपला पहिला टाइपरायटर बाजारात आणणारी अमेरिकेतली रेमिंग्टन कंपनी बंदुकांबरोबर शिलाई मशीनही बनवत होती. त्या पहिल्या मॉडेलला कॅरेज मागे आणायला चक्क पायानं दाबायचं पॅडल होतं!

विट्याच्या यंत्रमागावरही याचा चुलतभाऊ सापडेल. दर धाग्यामागे कापड ठरलेलं अंतर गुंडाळायला तिथेही दातेरी चाक आणि खटकाच असतो. सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक त्याच घराण्यातली.

मग स्प्रिंगला ताकद देतं कोण? तुम्हीच. ओळ संपली, घंटी वाजली की डावीकडचा लिव्हर धरून कॅरेज उजवीकडे ढकलता ना, तेव्हा दोरी ओढली जाते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. एका ढकलण्यात पुढच्या पूर्ण ओळीची ताकद भरून ठेवली जाते. मी खेळत्या भांडवलाच्या सेशनला हे उदाहरण देतो, पण आज तो विषय नाही.

हे काम किती बारीक आहे त्याचा अंदाज घ्या. नेहमीच्या इंग्रजी पायका टाइपात एका इंचात दहा अक्षरं बसतात, म्हणजे एक पाऊल 2.54 मिलिमीटरचं. चाळीस शब्दांचा वेग, शब्दाला पाच ठोके धरले, तर मिनिटाला दोनशे पावलं. साठच्या वेगाला सेकंदाला पाच. प्रत्येक पाऊल सारखंच पडलं पाहिजे. म्हणून या भागात धूळ, वाळलेलं तेल किंवा झिजलेला दाता असला की सगळा डाव बिघडतो.

मराठी मशीनची एक खास गोष्ट इथेच सांगतो, कारण यात नवखे फसतात. मशीनचं पाऊल एकाच मापाचं, पण आपली लिपी तशी नाही. उकार खाली लागतो, मात्रा आणि अनुस्वार वर. त्यासाठी वेगळं घर कसं देणार? म्हणून या चिन्हांची बटणं 'डेड की' असतात. दांडा उडतो, चिन्ह उमटतं, पण डॉगला धक्का बसत नाही आणि कॅरेज जागचं हलत नाही. तेव्हा मराठी मशीन तपासताना काही बटणांवर कॅरेज सरकलं नाही म्हणून "खराब आहे" असं ठरवू नका. क, त, न, म अशी साधी अक्षरं दाबून बघा. त्यावर सरकलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष तपासणी. मालकासमोर पाच मिनिटांत होते. सोबत एक कोरा कागद, छोटी टॉर्च आणि एक जुना ब्रश ठेवा.

आधी कॅरेज हातानं उजवीकडे ढकला. जाताना करकर आवाज यायला हवा आणि हाताला ओढ जाणवायला हवी. ओढ अजिबात नसेल, कॅरेज बिनविरोध इकडे-तिकडे जात असेल, तर बहुधा दोरी तुटली आहे किंवा ड्रमवरून सुटली आहे. मागे टॉर्च मारून बघा, लोंबणारं टोक दिसेल. मित्रांनो, हे मशीन सोडू नका! दोरी बदलणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. मजबूत बारीक नायलॉनची दोरीही चालते. अशी मशिनं 'बंद' म्हणून सगळ्यात खाली रचलेली असतात.

ओढ आहे, पण बटण दाबल्यावर कॅरेज ढिम्म? तर आधी कॅरेज उजव्या मार्जिनला टेकलेलं नाही ना ते पाहा, मार्जिन रिलीज दाबा. मग स्पेसबार मारून बघा. स्पेसबारनं सरकतंय पण अक्षरानं नाही, तर ती आडवी पट्टी किंवा तिची जोडणी बिघडलीय. दोन्हींनी नाही, तर डॉग चिकटलेत. बऱ्याचदा कारण एकच असतं, वर्षानुवर्षं ओतलेलं तेल. ते धुळीबरोबर वाळून डिंकासारखं होतं. रॉकेल आणि ब्रशनं स्वच्छ केलं की निम्मी मशिनं बोलायला लागतात. स्वच्छ केल्यावर पुन्हा तेलाचा अभिषेक करू नका. कॅरेजच्या रुळांवर पातळ मशीन ऑइलचा एखादा थेंब, बास. अक्षरांच्या दांड्यांच्या खाचेत तर नकोच.

ओळीच्या सुरुवातीला अक्षरं नीट, पण शेवटी एकावर एक चढतात? हा स्प्रिंगचा दोष. ओळीच्या शेवटी स्प्रिंग सर्वात जास्त उलगडलेली असते, तिथे तिचा जोर कमी पडतो. ड्रमला एक-दोन फेरे देऊन ताण वाढवता येतो. पण जपून. हा ड्रम हातातून सुटला तर स्प्रिंग एका झटक्यात उलगडते, बोटं सोलवटतात आणि स्प्रिंगही तुटू शकते. पहिल्यांदा हे काम जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसूनच करा.

आणि कॅरेज मध्येच दोन-दोन घरं उडी मारत असेल तर सावध! कधी फक्त जुळणी हललेली असते, पण अनेकदा डॉग किंवा चक्राचे दाते झिजलेले असतात. टॉर्चमध्ये दात्यांची टोकं बोथट, चमकती दिसली तर ते मशीन चालू मशीन म्हणून धरायचं नाही. त्याचे बाकीचे भाग कामाला येतील. नवे सुटे भाग आता कुठलीही कंपनी बनवून देणार नाही, तुमचं गोडाऊन म्हणजे हीच न चालणारी मशिनं.

हिशोबात इथेच गडबड होते. समजा दहा मशिनं घेतली. चार लगेच चालली, तीन दोरी आणि साफसफाईनं चालली, तीन भागांसाठी ठेवली. तर तुमची खरेदी किंमत एकूण रकमेला दहानं भागून येत नाही, सातानं भागून येते. त्यात टेम्पोचं भाडं, रिबन (अर्ध्या इंचाची अजून मिळते) आणि तुमचे तास धरा. आपले तास फुकट धरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. एका मशीनला दीड दिवस लागला तर दीड दिवसाची मजुरी लिहाच.

गिऱ्हाईक कोण? महाबळेश्वर-पाचगणीचे हॉटेल आणि कॅफेवाले शोभेसाठी घेतात. त्यांना कॅरेजशी देणंघेणं नाही, रंग आणि चमक पाहिजे. झिजलेल्या दात्यांची मशिनं तिथे द्या, पण 'फक्त शोभेसाठी' असं बिलावर लिहून. दुसरं, वाई-मेणवलीचं शूटिंग. 'स्वदेस'पासून मेणवलीचं नाव सगळ्यांना माहीत झालं. जुन्या काळातली कचेरी दाखवायची तर टेबलावर टाइपरायटर लागतोच. तो विकू नका, भाड्यानं द्या. आणि इथे चालू मशीनच लागतं, कारण कॅमेऱ्यासमोर कॅरेज सरकलं पाहिजे आणि घंटी वाजली पाहिजे. तिसरे म्हणजे खरोखर टाइप करायला घेणारे हौशी लोक. संख्या कमी, पण पारखी. चांगल्या मशीनला चांगले पैसे हेच देतात आणि वाईट मशीन हेच परत पाठवतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. नोकरी सोडून करायचा हा धंदा नाही. माल मर्यादित आहे, नवा बनत नाही. जोडधंदा म्हणून, विशेषतः ज्यांचं आधीच शिलाई मशीन किंवा सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांच्यासाठी, उत्तम. हात तयार असतो, हत्यारं असतात. क्लासच्या मालकाकडून पावती मात्र घ्या, आणि कचेरीच्या लिलावातून घेतलं तर कागद फाईलला लावा.

माल देताना एक सवय लावून घ्या. मराठी मशीनवर 'भ', 'ध', 'श' ही अक्षरं दोन ठोक्यांत होतात, आधी अर्धं अक्षर, मग काना. म्हणून कागद लावून डाव्या मार्जिनपासून घंटीपर्यंत पूर्ण ओळ 'भभभभ' मारा. पाऊल सारखं पडत असेल तर प्रत्येक काना आपल्या अक्षराला चिकटलेला दिसेल. कुठे काना सुटला किंवा अक्षरावर चढला, तर कॅरेज तिथे अडखळतंय. ती जागा दुरुस्त करा, पुन्हा ओळ मारा. शेवटची स्वच्छ ओळ असलेला कागद रोलरमध्येच राहू द्या आणि मशीन तसंच गिऱ्हाइकाच्या हातात द्या.