तळघरातलं दुसरं बिऱ्हाड

दोन महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याचा कॅल्गरीहून फोन आला. "आत्या, घर सापडलं. वर आम्ही राहायचं, खाली बेसमेंटमध्ये भाडेकरू आहेतच. त्यांच्या भाड्यात निम्मा हप्ता सुटतो. बाबांनाही दाखवलंय, त्यांना पसंत आहे." बाबा म्हणजे माझा दादा. या घराच्या पहिल्या रकमेसाठी त्याने तळेगावची जागा विकायला काढली होती. मी एकच विचारलं, "खालचं बिऱ्हाड नोंदलेलं आहे का?" भाचा म्हणाला, "नोंदलेलं नाही गं. पण इथे सगळेच तसं करतात."

हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी स्वतः म्हटलेलं आहे. म्हणूनच आज या विषयावर बोलायला बसले. आपल्याकडच्या पुष्कळ घरांतली मुलं आता कॅनडात आहेत, आणि त्यांच्या तिकडच्या घरांत इकडच्या आईवडिलांची पुंजी अडकते आहे.

आधी ही काय चीज आहे ते सांगते. कॅनडात कायद्याच्या भाषेत तिला 'सेकंडरी सूट' म्हणतात. आपण दुसरं बिऱ्हाड म्हणू. घर एकच, मालक एकच. पण आत स्वतःचं स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली आणि बहुधा वेगळं दार असलेलं एक स्वतंत्र बिऱ्हाड. ते बहुतेक वेळा तळघरात असतं. याचं कारण थंडी. कॅल्गरीत हिवाळ्यात पारा कधी उणे तीसपर्यंत उतरतो आणि जमीन खोलवर गोठते. गोठलेली जमीन फुगते, म्हणून घराचा पाया त्या थराच्या खाली न्यावा लागतो. इतकं खणायचंच, तर तिथे एक मजलाच का काढू नये? म्हणून तिथल्या बहुतेक घरांना तळघर असतं. निम्मं जमिनीत, निम्मं वर. जाहिरातीत कधीकधी त्याला 'मदर-इन-लॉ सूट' म्हणतात. सासूबाईंची रवानगी तळघरात! आमच्या सासूबाई कॅल्गरीला आल्या तेव्हा हा शब्द मी त्यांच्यापासून लपवून ठेवला होता.

आम्ही १९९७ साली तिकडे गेलो तेव्हा दोन वर्षं अशाच तळघरात भाड्याने काढली. खिडकी छताला टेकलेली, वीतभर उंच. बर्फ पडला की ती पांढरी व्हायची, आणि उजेड बर्फातून गाळून आल्यासारखा यायचा. तक्रार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत वाढलेल्यांना खिडकीची उंची कोण शिकवणार?

भाडेकरूची भीती मात्र आम्ही इथूनच नेली होती. आजोबांच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. १९४७च्या मुंबई भाडेकायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधून टाकली. पुढे घरपट्टीसुद्धा भाड्यातून निघेना. भाडेकरू ठेवला म्हणजे घर गेलं, हे वाक्य ऐकतच आम्ही मोठे झालो. २००४मध्ये कॅल्गरीत घर घेतलं तेव्हा ह्यांनी तळघराला आधी नकारच दिला. मग हप्ता जड जाऊ लागला आणि २००६मध्ये नकार विरघळला. तिथला करार एक वर्षाचा किंवा महिन्या-महिन्याचा असतो आणि वाड्यासारखं काही होत नाही, हे कळल्यावर भीड चेपली. परवानगी? ती कोणीच घेत नव्हतं. ज्या भागात एकेकट्या कुटुंबांची घरं असावीत असं नगररचनेत ठरलेलं, तिथे अशा बिऱ्हाडासाठी जमिनीचा वापर बदलून घ्यावा लागे. त्यासाठी अर्ज थेट नगर परिषदेपुढे जाई. जाहीर सुनावणी होई. शेजारी येऊन सांगत की यांच्या भाडेकरूंमुळे आमच्या दारात गाड्या उभ्या राहतील. आम्ही अर्ज केला नाही. नागपूरहून शिकायला आलेली एक मुलगी ठेवली.

२०११ची दिवाळी. कामावरून यायला उशीर झालेला, रात्री अकराला मी चकल्या तळत होते. फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले आणि बोलत राहिले. धुराच्या घंटेने कान किटले तेव्हा धावले. कढईतल्या तेलाने पेट घेतला होता. ह्यांनी झाकण घालून, गॅस बंद करून आग विझवली. चार-पाच मिनिटांचाच प्रकार. भिंत काळी झाली, पडदा गेला. सकाळी ती मुलगी वर आली आणि म्हणाली, "काकू, रात्री काही करपलं होतं का? माझ्या खोलीत वास येतोय."

तिला जागच आली नव्हती. घंटा फक्त वरच वाजली होती. दोन्ही मजल्यांना गरम हवा पुरवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, एकच. तिच्या नळ्यांतून धूर सरळ खाली उतरलेला. तिचा बाहेर पडायचा जिना आमच्या स्वयंपाकघराला लागूनच, म्हणजे जिथे आग तिथेच. आणि खिडकी तीच, वीतभर. मी त्या दिवशी टेप घेऊन खाली गेले. तिच्यातून ती मुलगी तर सोडाच, मांजरसुद्धा मुश्किलीने गेलं असतं. महिनाभराने तिला दुसरी चांगली जागा बघून दिली. तळघर पुढे सात-आठ वर्षं रिकामं ठेवलं.

आता 'कायदेशीर' या शब्दात काय येतं ते पाहू. आपल्याला वाटतं, कागद. पण अल्बर्टा प्रांतातला नियम प्रत्येक झोपायच्या खोलीला सुटकेची खिडकी मागतो. तिची उघडी जागा ०.३५ चौरस मीटर हवी, कुठलीही बाजू ३८ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि ती आतून कुठल्याही हत्याराशिवाय उघडली पाहिजे. लोक ३८ हा आकडा ऐकतात आणि थांबतात. ३८ गुणिले ३८ केलं तर निम्मंसुद्धा क्षेत्रफळ भरत नाही. एक बाजू ३८ असेल तर दुसरी ९३च्या आसपास लागते, किंवा दोन्ही साठ-साठ. दुसरी गफलत सरकत्या खिडकीची. चौकट नव्वद सेंटिमीटर रुंद दिसते, पण एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, म्हणून उघडते निम्मीच. मोजायची असते उघडी जागा. खिडकीसमोर जमिनीत खड्डा असेल तर त्यात माणसाला उभं राहून वर चढता यावं म्हणून ७६ सेंटिमीटर मोकळी जागा लागते.

याखेरीज धुराच्या घंटा एकमेकींना जोडलेल्या हव्यात. एक वाजली की वरच्या-खालच्या सगळ्या वाजतात. दोन बिऱ्हाडांमध्ये धूर अडवणारी भिंत आणि छत हवं, भट्टीची खोली बंदिस्त हवी. आमच्याकडे निरीक्षकाने खालच्या मजल्यासाठी स्वतंत्र भट्टी मागितली. खिडकी मोठी करायची म्हणजे पायाची काँक्रीटची भिंत कापणं आलं, त्यालाही परवाना. भट्टी आणि खिडकी मिळून आमची वर्षाची बचत गेली. हे सगळं केलं २०१९मध्ये. मार्च २०१८मध्ये नगर परिषदेने ती जाहीर सुनावणीची पद्धत सोडली आणि असे अर्ज नेहमीच्या परवाना खात्याकडे सोपवले, तेव्हा आम्हाला धीर आला. शहराने जुनी बिऱ्हाडं पुढे यावीत म्हणून सवलतही दिली होती. नोंद झालेल्या बिऱ्हाडाला क्रमांक आणि स्टिकर मिळतो. नोंदवही सर्वांना इंटरनेटवर पाहता येते. घराचा पत्ता घालायचा, दोन मिनिटांचं काम.

हे कॅल्गरीचं झालं. गावागणिक रीत वेगळी. व्हँकुव्हरने २००४मध्येच अशी बिऱ्हाडं सरसकट मान्य केली. शेजारच्या सरेला २०१० उजाडलं. पुढे २०२३च्या कायद्याने ब्रिटिश कोलंबियातल्या सगळ्याच नगरपालिकांना ती मान्य करावी लागली. पण 'इथे चालतं' आणि 'हे बिऱ्हाड मंजूर आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दलाल पहिलीच सांगतो.

पैशाच्या बाजूनेही फरक पडतो, आणि तोच लोकांना लवकर समजतो. तिकडे घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम हातची घातली तर कर्जाचा विमा सक्तीचा असतो. तो उतरवणाऱ्यांत सीएमएचसी ही सरकारी संस्था मोठी. मालक स्वतः राहत असलेल्या दोन बिऱ्हाडांच्या घरात दुसरं बिऱ्हाड कायदेशीर असेल, तर त्याचं शंभर टक्के भाडं उत्पन्नात धरता येईल, असं तिने सप्टेंबर २०१५पासून ठरवलं. म्हणजे स्टिकर असलेलं घर आणि नसलेलं घर, किंमत सारखी असली तरी कर्जाच्या फॉर्मवर सारखी नसतात. घराच्या विम्याचंही तेच. भाडेकरू आहे हे विमा कंपनीला सांगितलं नाही आणि उद्या आग लागली, तर दावा अडकू शकतो. आम्ही पाच वर्षं सांगितलं नव्हतं. त्या दिवाळीत पडद्याऐवजी घर गेलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब ह्यांनी एकदा कागदावर मांडला आणि कागद फाडून टाकला.

भाच्याचा हिशेबही मी तपासला. त्याने भाडं बारा महिने धरलं होतं. मी म्हटलं, अकरा धर. भाडेकरू बदलताना एखादा महिना जातोच. भाड्याचं उत्पन्न करासाठी दाखवावं लागतं. कर्जाचं व्याज आणि वीज-गॅस यातला खालच्या जागेपुरता भाग वजा होतो, सगळा नाही. गरम पाणी, बर्फ उपसणं, खराब झालेला फ्रिज हे मालकाकडेच येतं. एवढं करूनही हप्ता झेपला पाहिजे. खालची जागा तीन महिने रिकामी राहिली तर काय, हा प्रश्न बँक विचारो न विचारो, आपण विचारायचा.

आधीपासून भाडेकरू असलेलं घर घेतलं तर भाडेकरूही आपला होतो, हे दादाला पटेना. "घर घेतलं की काढायचे," तो म्हणाला. तसं नाही. अल्बर्टात विक्रीने करार मोडत नाही. मुदतीचा करार मुदतीपर्यंत पाळायचा. महिन्या-महिन्याचा असेल आणि नव्या मालकाला स्वतः राहायचं असेल, तर तीन महिन्यांची नोटीस. बिऱ्हाड बेकायदेशीर असलं तरी भाडेकरूचे हक्क बेकायदेशीर होत नाहीत. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती वेगळ्या खात्यात ठेवायची. भाडं किती वाढवावं याला तिथे मर्यादा नाही, पण वर्षातून एकदाच. दादा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे वाडाच की!" मी म्हटलं, वाड्यात भाडं १९४०चं होतं.

इथून पैसे पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. भारतातून एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आणि तिकडची बँक आईवडिलांकडून पत्र मागते, की ही भेट आहे, परत घ्यायची नाही. दादाने ते पत्र दोनदा वाचलं. "परत घ्यायची नाही, हे कॅनडाला लिहून द्यायचं?" त्याला वाईट वाटलं, ते मला समजलं. जमीन विकून दिलेले पैसे भेट म्हणून लिहिताना हात थांबतोच.

भाच्याला मी सांगितलं, सही करण्याआधी विक्रेत्याकडून परवाना आणि अंतिम तपासणीचा कागद माग. खरेदीचा प्रस्ताव सशर्त दे, तेवढ्या मुदतीत वकिलाला आणि घर तपासणाऱ्याला दाखव. तपासणारा छत गळतं का ते सांगतो, बिऱ्हाड मंजूर आहे का हे सांगणं त्याचं काम नाही. ते शहराच्या नोंदवहीत तूच बघ. आणि टेप घेऊन जा.

तो गेला. नोंदवहीत पत्ता नव्हता. खाली दोन मुली राहत होत्या, शिकणाऱ्या. एक कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने त्याला खिडकी उघडून दाखवली. चौकट ९० बाय ६०, उघडी जागा ४३ बाय ५५. विक्रेता म्हणाला, किंमत थोडी कमी करतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. भाच्याने दोन रात्री विचार केला आणि प्रस्ताव मागे घेतला. निघताना त्या मुलींना त्याने आकडे सांगितले, हे मला त्याने नंतर सांगितलं. वहिनी माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही. हातातलं घर आत्याने घालवलं, असं तिचं मत.

गेल्या रविवारी भाच्याने फोटो पाठवला. दुसरं घर, स्टेशनपासून लांब, अंगण लहान, पण तळघराला क्रमांकाचा स्टिकर. खाली लिहिलं होतं, "आत्या, आता तरी खूश?"

मी उलट लिहिलं, "स्टिकर दिसला. खिडकी किती उघडते ते कळव."